कॉकपिटमधला कॅमेरा: बारामती-कोल्हापूर-बारामती, शुक्रवार ते रविवार

शुक्रवार, बारामती ते कोल्हापूर

विमान चार आसनी सेस्ना १७२ एस. डावीकडे खासगी परवाना असलेला वैमानिक, शेजारी घरचे एक माणूस, मागे हातात कॅमेरा घेतलेला तिसरा. व्हिडिओ घरी बघण्यासाठी. तरीही कॅमेरे बसवण्याआधी कागद तपासावे लागतात, कारण विमान नियम १९३७ मधला नियम १३ सांगतो की उडत्या विमानातून किंवा सरकारी विमानतळावर फोटो काढायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, लेखी परवानगी लागते. प्रवासी विमानात खिडकीतून मोबाइलवर टिपण्याची मुभा निराळी. स्वतःच्या विमानात तीन कॅमेरे लावून गावावर घिरट्या घालणे निराळे. परवानगीची प्रत विमानाच्या कागदांसोबत ठेवावी आणि कोल्हापूरच्या टॉवरला आदल्या दिवशीच कल्पना द्यावी.

कोल्हापूरकडे येताना भोवतालचा नकाशाही डोक्यात हवा. उजळाईवाडीचा विमानतळ नागरी आहे. पण पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे, रत्नागिरी तटरक्षक दलाचे, गोव्यातले दाबोळी नौदलाचे. यांपैकी कुठेही वळावे लागले तर कॅमेरे बंद, आणि ते वैमानिकाने नव्हे, मागच्या माणसाने बंद करायचे. हे जमिनीवरच ठरवून ठेवले.

वजनाचा हिशेब कॅमेऱ्यांमुळे बिघडत नाही, माणसांमुळे बिघडतो. १७२ एसचे कमाल उड्डाण वजन ११५७ किलो. रिकामे विमान उपकरणांनुसार ७६५ किलोच्या आसपास, वापरता येणारे पूर्ण इंधन २०० लिटर म्हणजे साधारण १४४ किलो. उरतात २४५ किलोच्या जवळपास. तीन मध्यम अंगाची माणसे आणि दहा किलोची बॅग त्यात बसते, चौथा बसत नाही. टाक्या बारामतीलाच भरल्या, कारण पिस्टन इंजिनाला एव्हगॅस, म्हणजे विमानाचे पेट्रोल, लागते आणि ते प्रत्येक विमानतळावर असतेच असे नाही. ताशी ३३ लिटर धरले तर तिन्ही दिवसांचे चार-सव्वाचार तास त्यात होतात आणि वर दीड तासाहून जास्त शिल्लक राहते.

कॅमेऱ्यांच्या जागा. पहिला छोटा ॲक्शन कॅमेरा पुढच्या काचेच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात, तोंड आतल्या बाजूला. घरच्यांना उपकरणे बघायची नसतात, चेहरे बघायचे असतात. शिवाय १७२मध्ये त्याच कोपऱ्याजवळ हवेचा गोल नळ असतो. तो थोडा ओढून ठेवला की गार वारा कॅमेऱ्यावर येतो आणि तो तापून बंद पडत नाही. दुसरा मागच्या डाव्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात, तोंड पुढे: वैमानिकाचा खांदा, थ्रॉटलवरचा हात, पॅनेल आणि काचेपलीकडे फिरणारा प्रॉपेलर. तिसरा मोठा कॅमेरा मागच्या माणसाच्या हातात, गळ्यात पट्टा घालून.

खिडक्या ॲक्रिलिकच्या असतात, काचेच्या नाहीत. त्यांवर अमोनिया असलेला काच पुसायचा द्रव लावला की बारीक जाळीदार तडे पडतात, आणि खिडकी बदलण्याचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीशी स्पर्धा करतो. साधे पाणी, मऊ सुती फडके, हात एकाच दिशेने. सक्शन कप त्याच पाण्याने पुसून, पूर्ण कोरडा करून दाबायचा आणि वीस मिनिटे तसाच सोडायचा. तेवढ्या वेळात निसटला नाही तर सहसा पुढेही टिकतो. तो सुटतो तो धुळीच्या कणामुळे, नाहीतर उन्हाने रबर मऊ पडल्यामुळे; उंचीवर हवेचा दाब कमी झाल्याने पकड घटते, पण साडेपाच हजार फुटांवर ती घट पाचव्या हिश्श्याहूनही कमी असते. म्हणून दोष उंचीला देऊ नये. प्रत्येक कॅमेऱ्याला दुसरी दोरी हवीच, आणि तिची लांबी अशी की कॅमेरा सुटला तरी पायाशी पोचणार नाही. रडर पेडलच्या, म्हणजे शेपटीचे सुकाणू हलवणाऱ्या पायपट्टीच्या, मागे अडकलेला कॅमेरा हा या सगळ्या खेळातला सर्वांत वाईट प्रकार.

बसवून झाल्यावर योक, म्हणजे हाताने धरायचे सुकाणू, पूर्ण मागे, पूर्ण पुढे, दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघितला. मग होकायंत्र. १७२मध्ये ते पुढच्या काचेच्या मधोमध असते. कॅमेरा चालू-बंद करताना तबकडी हलली तर कॅमेरा लांब न्यायचा. चुंबकाने चिकटणारे माउंट कॉकपिटमध्ये आणूच नयेत. वायफाय, ब्लूटूथ आणि कॅमेऱ्याचे जीपीएस बंद: बॅटरी वाचते, उष्णता कमी होते आणि विमानाच्या जीपीएसजवळ गोंगाट करणारी एक वस्तू कमी होते. लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी, नाहीतर तो प्रत्येक दृश्यात काचेवर लुकलुकतो.

आता प्रॉपेलर. हा विषय नीट समजून घेतला नाही तर व्हिडिओत पाती वाकडी, तुटलेली, हवेत तरंगणारी दिसतात. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्यात पाते पुढे सरकलेले असते. उपाय हा की शटर इतके मंद ठेवायचे की एका फ्रेममध्ये पात्यांनी पूर्ण चकती पुसून काढावी. मिनिटाला २४०० फेऱ्यांवर इंजिन सेकंदाला ४० वेळा फिरते. पाती दोन, म्हणजे एकाच जागेवरून सेकंदाला ८० वेळा पाते जाते. शटर १/८० सेकंदापेक्षा मंद असेल तर चकती पूर्ण धूसर होते. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवले की क्रूझमध्ये, म्हणजे सरळ उड्डाणात, आणि उतरताना २१०० फेऱ्यांवरही काम होते. जमिनीवर टॅक्सी करताना १००० फेऱ्यांवर मात्र होत नाही, तिथे तुकडे दिसणारच. ते दिसू द्यावेत. त्यासाठी सेटिंग बदलत बसू नये.

पण भर उन्हात १/५० म्हणजे चित्र पांढरेफटक. ॲक्शन कॅमेऱ्याचे छिद्र एफ २.८च्या आसपास पक्के असते. आयएसओ १००ला उन्हात शटर १/३२०० च्या घरात जाते. तिथून १/५० ला यायला ६४ पट प्रकाश कापावा लागतो, म्हणून पुढे बघणाऱ्या कॅमेऱ्यावर एनडी ६४चा फिल्टर. ढग असतील तर १६. चेहऱ्यांच्या कॅमेऱ्यासमोर प्रॉपेलर नाही, त्याला ८चा पुरतो. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, मात्र पेटीतच राहू द्या. त्याने जी १००० चे, म्हणजे पॅनेलवरच्या डिजिटल उपकरणांचे, पडदे कोनानुसार काळे पडतात आणि ॲक्रिलिकच्या खिडकीत इंद्रधनुष्याचे पट्टे उमटतात.

स्थिरीकरणही बंद. खूप जणांना हे पटत नाही. कॅमेऱ्यातले स्थिरीकरण आतल्या जायरोवर, म्हणजे हालचाल मोजणाऱ्या सेन्सरवर, चालते. ते क्षितिज स्थिर धरते आणि विमानाचा हादरा म्हणजे कॅमेऱ्याचा हादरा समजून उलटा भरून काढते. परिणाम असा की बाहेरचे डोंगर शांत आणि कॉकपिट मात्र जत्रेतल्या पाळण्यासारखे डुलतेय. विमानाला घट्ट बसवलेल्या कॅमेऱ्यात पॅनेल स्थिर आणि जग हलते दिसायला हवे, कारण आत बसलेल्याला तसेच दिसते. त्यात मंद शटर आणि स्थिरीकरण एकत्र आले की चित्र जागच्या जागी थरथरून पुसट होते, ते वेगळेच.

मोबाइल लावायचा असेल तर डॅशबोर्डवर घट्ट आवळू नये. मोटरसायकलच्या इंजिनांच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातले लेन्स-स्थिरीकरण बिघडू शकते असे ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितले. सेस्नाचे चार सिलिंडरचे इंजिन काही गरीब गाय नाही. हातात धरलेला मोबाइल चालतो.

आवाजासाठी सोपा मार्ग: छोटा कॉलर माइक हेडसेटच्या कानाच्या वाटीत, कापडाच्या आत, वायर बारीक. त्यात इंटरकॉमवरचे बोलणे आणि रेडिओ दोन्ही येतात. दुसरा मार्ग इंटरकॉमच्या ६.३५ मिमी जॅकमधून थेट वायर घेण्याचा. पण तो सिग्नल माइकच्या मानाने फारच जोरकस असतो, मध्ये रोधकाची, आवाज दाबणारी वायर नसेल तर सगळे फाटून येते. कॅमेऱ्याला वीज विमानाच्या सॉकेटवरून दिली तर अल्टरनेटरची शिट्टी आवाजात घुसते आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वरखाली होते. म्हणून पॉवर बँक, २०,००० एमएएचची, म्हणजे ७४ वॉट-तास. ती मागच्या माणसाच्या हाताशी, सामानाच्या कप्प्यात कधीच नाही. गरम झाली तर कळली पाहिजे.

इंजिन सुरू होण्याआधी दोन्ही कॅमेरे चालू, मायक्रोफोनसमोर एक टाळी, आणि त्यानंतर इंजिन बंद होईपर्यंत वैमानिकाने त्यांच्याकडे बघायचे नाही. विसरला कॅमेरा तर विसरला.

मार्ग कराडवरून, सुमारे १०० नॉटिकल मैल, पाऊण-एक तास. फ्लाइट प्लॅनसोबत एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) आणि एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) क्रमांक घेतलेले. सकाळी दक्षिणेकडे जाताना ऊन डावीकडून येते, म्हणजे बघण्याजोगे सगळे उजवीकडे उजळलेले; मागचा माणूस उजव्या खिडकीशी. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर भिडतात आणि पुढचा प्रवाह काटकोनात वळतो. जमिनीवरून प्रीतिसंगम हा एक रुंद घाट आहे. वरून त्याचा आकार कळतो. नदीकडे थेट खाली कॅमेरा धरला तर पाणी काळे येते, थोडे तिरपे धरले तर पात्र चमकते. पुढे पुणे-बेंगळुरू महामार्ग धरून वारणा ओलांडली की उजवीकडे जोतिबाचा डोंगर आणि त्यामागे पन्हाळा. इथे रुंद लेन्स पूर्ण फसवते: पन्हाळ्याचे पठार चित्रात वहीच्या कडेएवढे होते. हातातल्या कॅमेऱ्यावर ५० मिमीच्या जवळची लेन्स असेल तरच गड गडासारखा दिसतो. लेन्स खिडकीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, टेकवायची नाही; टेकवली की इंजिनाचे सगळे कंपन चित्रात.

कोल्हापूरची धावपट्टी ०७-२५ (आकडे दोन टोकांच्या दिशांचे, ७० आणि २५० अंश), समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर. उतरल्यावर ॲप्रनवर, म्हणजे विमाने उभी करायच्या जागी, चित्रण नाही. विमान दोरांनी बांधले, वेग मोजणाऱ्या पिटो नळीवर कव्हर, योकला कंट्रोल लॉक, आणि दोन्ही कॅमेरे काढून बॅगेत. उन्हात बंद कॉकपिटच्या डॅशबोर्डवर ठेवलेली बॅटरी फुगते.

शनिवार, कोल्हापूर परिसर

हिवाळ्यातली सकाळ चित्रणाला सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईटही. हवा स्थिर, विमान लोण्यातून जाते. पण गारठ्याची हवा खाली आणि उबदार हवा वर असल्याने गुऱ्हाळांचा, जाळलेल्या पाचटाचा आणि चुलींचा धूर एका थरावर अडकतो. धुराची रेघ सरळ वर चढते आणि एका उंचीवर आडवी पसरते. त्या थराच्या खालून घेतलेली सगळी दृश्ये राखाडी-निळी. थराच्या वर गेले की क्षितिज लखलखीत, पण गाव दुधात बुडालेले. सूर्य उगवून दीड-दोन तास झाल्यावर थर फुटायला लागतो आणि अजून हेलकावे सुरू झालेले नसतात. ती वेळ तासाभराचीच. स्वच्छ हवा हवी असेल तर ऑक्टोबर, पावसाची शेवटची सर पडून गेल्यानंतरचे दिवस.

वाऱ्यानुसार ०७ वरून उड्डाण, मग डावीकडे वळून वायव्येला. दाट वस्तीवर ६०० मीटरच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्यापासून किमान १००० फूट ठेवावे लागतात. व्हिडिओसाठीही त्याहून खाली जाण्यात फायदा नाही, कारण छपरे भराभर निघून जातात आणि ओळखीचे काही सापडत नाही. जमिनीपासून १५०० फूट बरे. अंबाबाईचे मंदिर वरून शोधू नये. दाटीत शिखरे हरवतात, आणि तिथे फेरी मारणे शोभतही नाही. शहर दाखवायचे तर रंकाळा. सूर्य पाठीशी ठेवून पूर्वेकडून बघितले की पाणी निळे, पश्चिमेकडून बघितले की चकाकणारी थाळी आणि बाकी सगळे काळे.

फेरी डावीकडून, कारण डावीकडे बसलेल्या वैमानिकाला आतली बाजू दिसली पाहिजे. मागचा माणूस आज डाव्या खिडकीशी, म्हणून तिथला कॅमेरा उजव्या मागच्या खिडकीवर हलवला. १७२चे पंख वर असल्याने खाली मोकळे दिसते. पंखाची तिरकी काठी पुढच्या सीटवरून चित्र कापते, मागच्या सीटवरून ती पुढे राहते आणि चित्राला उलट चौकट देते. वेग ९० नॉट, कल २० अंश: त्रिज्या सुमारे ६०० मीटर आणि पूर्ण फेरीला ऐंशी सेकंद. हे पुरते. खरा धोका इथेच. मागून ‘अजून जवळ, अजून थोडे’ अशी फर्माईश येते, वैमानिक खालच्या जागेकडे बघत कल वाढवतो, योक ओढतो, वेग पडतो, आणि स्टॉल, म्हणजे पंखांचा हवेवरचा आधार सुटणे, जवळ येतो तेव्हा नजर बाहेर असते. म्हणून वेग, कल आणि उंचीचे आकडे पुढच्या सीटवरच्या माणसाने मोठ्याने वाचायचे. कल २५च्या वर गेला की फेरी सोडून सरळ व्हायचे, चित्र मिळो न मिळो.

पन्हाळ्यासाठी उंची वाढवून ४५०० फूट. गडाच्या माथ्यापासूनचे अंतर मोजावे, कोल्हापूरच्या जमिनीपासूनचे नव्हे. जोतिबाकडून पन्हाळ्याकडे जाताना दोन्ही डोंगर एका चौकटीत येतात, तेवढा तुकडा कापाकापी न करता तसाच ठेवण्यासारखा. खाली कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येऊन पंचगंगा होते तो पट्टा. उसाचे हिरवे फड, कापलेले पिवळे, मध्ये गुऱ्हाळाचा धूर. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर पक्का केला नसेल तर प्रत्येक वळणात ऊस कधी निळा, कधी पिवळा होतो. एक्स्पोजर बाहेरच्या प्रकाशावर पक्के करावे. आतले थोडे काळे चालते, पांढरे झालेले आकाश परत आणता येत नाही.

कपड्यांचा मुद्दा हास्यास्पद वाटतो पण नाही. वैमानिकाचा पांढरा गणवेश पुढच्या काचेत स्पष्ट उमटतो आणि पन्हाळ्यावर शर्टाची बटणे दिसतात. गडद शर्ट घालावा. डॅशबोर्डवरचे कागद काढावेत. काळे कापड पसरायचे तर काचेवर गरम हवा सोडणाऱ्या झरोक्यांवर नको.

दुपारी उड्डाण नाही. तीस अंशांच्या तापमानात उजळाईवाडीची २००० फुटांची धावपट्टी इंजिनाला ४३०० फुटांवर असल्यासारखी लागते, चढ मंदावतो, आणि तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत कॅमेऱ्यापेक्षा मागच्या माणसाच्या पोटाला जास्त जाणवतात. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा घालून बसणाऱ्याला मळमळ लवकर येते. गगनबावड्याकडे कड्यावर जायचे असेल तर तेही सकाळीच, कड्यापासून २००० फूट वर आणि ४५ अंशांत, म्हणजे हवा खाली ओढायला लागली तर अर्ध्या वळणात परत फिरता येते.

दुपार कार्डांसाठी. १०० मेगाबिट वेगाने एक कॅमेरा तासाला ४५ जीबी भरतो. दोन कॅमेऱ्यांचे ९०. लॅपटॉपवर एक प्रत, बाहेरच्या एसएसडीवर दुसरी, आणि दोन्हींतून मधली एखादी फाइल उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही.

सायंकाळी थोडा वेळ सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची ठरलेली चौकोनी फेरी. डिसेंबरात कोल्हापूरचा सूर्य साधारण २४६ अंशांवर मावळतो आणि धावपट्टी २५ त्याच दिशेची. सूर्यास्तात उतरण्याचे दृश्य मनात भारी दिसते. कॅमेऱ्यात काचेवरचा प्रत्येक ओरखडा आणि चिरडलेला किडा पेटतो, धावपट्टी गायब होते. वैमानिकालाही ती नीट दिसत नाही, तेव्हा त्या क्षणी कॅमेऱ्याचा विचार कोणी करू नये. त्याऐवजी डाव्या सर्किटचा डाउनविंड, म्हणजे धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने जाणारी बाजू: तोंड पूर्वेला, सूर्य पाठीशी, डाव्या खिडकीत गोकुळ शिरगावची वसाहत आणि सोनेरी धावपट्टी. सूर्यास्ताच्या पुरेसे आधी चाके जमिनीवर.

रविवार, नृसिंहवाडीवरून परत

परतीला पूर्वेचा वळसा: नृसिंहवाडी सुमारे १८ नॉटिकल मैल, तिथून उत्तरेला बारामती. पहिली दहा मिनिटे तोंडावर ऊन, पुढचा कॅमेरा निरुपयोगी. त्यात चेहऱ्यांचा कॅमेरा मात्र उत्तम, कारण समोरून मऊ प्रकाश येतो. पंचगंगा कृष्णेला मिळते ती जागा ओलांडून उत्तरेला वळल्यावर डाव्या खिडकीतून मागे बघत घ्यावी: ऊन मागून, दोन्ही पात्रे आणि मधले जमिनीचे टोक स्पष्ट. पुढे सांगली-मिरज, मिरजेचे रेल्वेचे फाटे, कृष्णेची वळणे. नंतर जमीन कोरडी आणि एकसुरी होते. तिथे हातातला कॅमेरा खाली ठेवून इंटरकॉमवरच्या गप्पा नोंदल्या जाऊ द्याव्यात. घरच्या व्हिडिओत त्या पन्हाळ्याइतक्याच ऐकल्या जातात.

संकलनात आधी टाळीवर आवाज जुळवायचा. इंटरकॉमचा आवाज बहुधा एकाच बाजूला आलेला असतो, तो दोन्हीकडे करायचा. इंजिनाचा आवाज पूर्ण काढू नये, दहा-पंधरा टक्के ठेवला नाही तर विमान खोटे वाटते. घराबाहेर जाणाऱ्या प्रतीत रेडिओवरचे नियंत्रकाचे बोलणे बंद, आणि विमानतळाच्या इमारती, सुरक्षा व्यवस्था दिसणारे तुकडे काढलेले. चार तासांच्या चित्रणातून दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. तीन मिनिटे चेहरे, दोन कराड, तीन पन्हाळा-जोतिबा, उरलेले उतरणे. दोन्ही प्रती तपासल्यावर कार्ड लॅपटॉपवर नव्हे, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचे.